गळगनाथांचे गाठोडे

आपले वार्षिक हाती आले की मराठी मुले मराठी विभाग उघडतात, कन्नड मुले कन्नड विभाग उघडतात, आणि मधले स्नेहसंमेलनाचे फोटो तेवढे सगळे मिळून पाहतात. प्रस्तुत लेख खरे पाहता पलीकडच्या विभागात शोभला असता, कारण तो एका कन्नड कादंबरीकाराविषयी आहे. पण माझे सारे शालेय शिक्षण मराठी माध्यमातले. कन्नड मी बोलतो ते न अडखळता, वाचतो ते अडखळत, आणि लिहायला बसलो की माझ्या चुका काढता काढता आमच्या कन्नडच्या सरांची लाल शाई संपते. तेव्हा इकडूनच लिहितो. पलीकडच्या मित्रांनी वाचले तर आनंद आहे, आणि चूक सापडली तर कँटीनमध्ये भेटून सांगावी.

माझी आई हावेरीकडची, वडील बेळगावचे. आमच्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यात विशेष काही नाही. मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. रात्री गच्चीवर अंथरुणे पडत. दिवसभर वाळत घातलेल्या ब्याडगी मिरच्यांचा खाट अजून हवेत असे, आणि अज्जी, म्हणजे आईची आई, रामराजाची गोष्ट सांगे. विजयनगरचा तो प्रबळ रामराजा, तरुणपणी त्याचे मन जिच्यावर जडले ती मेहेरजान, त्याने तिला अंतर दिले ते, आणि त्यांचा मुलगा रणमस्तखान, जो बाप कोण हे न कळताच विजापूरकरांच्या बाजूला वाढला. अज्जी ही गोष्ट एका रात्रीत कधीच संपवत नसे. नेमका कोणी तरी दाराआड उभा राहून ऐकतो आहे अशा जागी तिला झोप येई. आम्ही नातवंडे उद्याची रात्र मोजत पडून राहायचो.

दहावीच्या सुट्टीत वाचनालयात हरिभाऊ आपट्यांची ‘वज्राघात’ माझ्या हाती लागली. चार-पाच पानांतच मी ताडकन उठून बसलो. ही तर अज्जीची गोष्ट! त्या वर्षी आजोळी गेलो तो जणू चोर पकडल्याच्या थाटात. सगळे जेवायला बसले असताना मी जाहीर केले की अज्जीची गोष्ट कन्नड नव्हेच, ती आमच्या मराठीतल्या हरि नारायण आपट्यांची आहे, तुम्ही लोकांनी ती आमच्याकडून उचलली. ‘आमची’ आणि ‘तुमची’ हे शब्द मी त्या घरात पहिल्यांदा वापरले असावेत. मामा हसले. अज्जी हसली नाही. तिने एवढेच सांगितले की तिच्या आईकडे हे पुस्तक होते, ते गळगनाथांचे होते आणि तिची आई अक्षरे जुळवायला शिकली ती त्याच पुस्तकावर. मी तरीही माझाच हेका धरून बसलो. त्यानंतर अज्जीने ती गोष्ट सांगितली नाही. मीही मोठा झालो होतो, कोणी मागितलीही नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात अज्जी गेली. तेराव्यानंतर मावशीने ट्रंक उघडली, त्यात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले, दोऱ्याने बांधलेले ते पुस्तक निघाले: ‘कन्नडिगर कर्मकथे’. तिथून पुढे मी गळगनाथांच्या मागे लागलो. जे हाती आले ते सांगतो.

गळगनाथ हे गावाचे नाव. माणसाचे नाव वेंकटेश तिरको कुळकर्णी. जन्म ५ जानेवारी १८६९ चा. गळगनाथ हे गाव वरदा आणि तुंगभद्रा या नद्यांच्या संगमावर आहे. तेव्हा ते धारवाड जिल्ह्यात होते, १९९७ पासून हावेरी जिल्ह्यात आले. कुळकर्ण्याच्या घरात जन्मलेल्या मुलाने दप्तर सांभाळावे किंवा फार तर शाळामास्तर व्हावे, हीच त्या काळची वहिवाट. वेंकटेश मास्तर झाले. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि गावोगावच्या कन्नड शाळांतून मुलांना शिकवू लागले. पुढे लेखक म्हणून नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव मागे ठेवून गावाचे नाव पुढे केले, आणि आज कन्नड वाचक त्यांना त्याच नावाने ओळखतात.

हा मास्तर ज्या मुलखात शिकवत होता त्या मुलखाची तेव्हाची स्थिती समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. १८१८ साली पेशवाई गेली तरी मराठीचे वजन गेले नाही. कचेरीत मराठी, हिशेब मोडीत, आणि सुरुवातीच्या कित्येक शाळांतूनही मराठीच. घरी कन्नड बोलणारा माणूस पत्र लिहायला बसला की मराठीत लिही. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणखात्यातल्या माणसांनी खटपट करून कन्नड शाळा वाढवल्या. १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, आणि १८९६ पासून त्याचे ‘वाग्भूषण’ मासिक निघू लागले. शाळा झाल्या, मुले वाचायला शिकली. पण शाळेबाहेर पडल्यावर वाचायचे काय? पोथ्या होत्या, पुराणे होती. करमणुकीसाठी, रात्री दिव्याखाली बसून पान उलटावेसे वाटेल असे कन्नडमध्ये फार थोडे होते. ज्याला मराठी येई तो पुण्याची पुस्तके वाची. ज्याला, आणि मुख्य म्हणजे जिला, मराठी येत नसे, तिच्या वाट्याला काहीच नव्हते.

आम्ही सीमाभागातली मराठी मुले आपल्या भाषेच्या अडचणी ऐकत वाढतो, आणि त्या खोट्या नाहीत. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखात नेमकी उलट अडचण होती हे मला कोणी सांगितले नव्हते. कोणी लपवून ठेवले असेही नाही. मी विचारले नव्हते.

गळगनाथांना मराठी उत्तम येत होते. तेव्हा पुण्यात हरिभाऊ आपट्यांचा दबदबा होता. हरिभाऊ त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे, १८६४ साली खानदेशात पारोळ्याला जन्मलेले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’पासून त्यांच्या कादंबऱ्या त्यात आठवड्याच्या आठवड्याला येत राहिल्या. आवडलेले पुस्तक आपण मित्राला देतो, वाच म्हणून मागे लागतो. गळगनाथांची पंचाईत अशी की ज्यांना ते पुस्तक द्यावे त्यांना ती भाषाच येत नव्हती. तेव्हा ते अख्खे पुस्तक आपल्या भाषेत पुन्हा लिहून काढणे एवढाच मार्ग उरला, आणि तो त्यांनी धरला. म्हैसूरकडे बी. वेंकटाचार्य (१८४५–१९१४) बंगालीतून बंकिमचंद्रांना कन्नडमध्ये आणत होते. गळगनाथांनी इकडच्या लोकांसाठी मराठीतून तेच केले. ‘प्रबुद्ध पद्मनयने’ ही त्यांची कादंबरी १८९८ ची. त्यानंतर एकामागून एक अशा सुमारे दोन डझन कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. शिवाय पुराणकथा, चरित्रे, निबंध वेगळेच. गंमत म्हणजे ‘कादंबरी’ हा शब्ददेखील दोन्ही भाषांत एकच. बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव आम्ही दोघांनीही सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले आहे.

मराठीतून घेतले ही गोष्ट त्या काळी कोणाला लपवावीशी वाटली नाही. कन्नड वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ‘कर्मकथे’चे मूळ ‘वज्राघात’ आहे हे सरळ नोंदवतात. चोर पकडल्याचा आव आणणारा मीच काय तो होतो.

हावेरीजवळ अगडी नावाचे गाव आहे. तिथे शेषाचल सद्गुरूंचे आनंदवन. या आनंदवनातून १९०७ साली ‘सद्बोध चंद्रिके’ नावाचे मासिक सुरू झाले आणि त्याच्या संपादनाची धुरा गळगनाथांकडे आली. मासिक धार्मिक, पण त्यात कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि वर्गणीदार पुढच्या अंकाची वाट पाहू लागले. परमार्थासाठी वर्गणी भरणारे किती आणि नायिकेचे पुढे काय झाले यासाठी भरणारे किती, याचा हिशेब कोणी ठेवला असता तर तो आमच्या विषयाला चांगला उपयोगी पडला असता! अज्जी गोष्ट नेमकी कुठे थांबवायची हे कुठून शिकली, तेही मला इथे कळले. तिच्या आईने ज्यांच्या कादंबऱ्या वाचल्या त्यांची घडणच हप्त्याहप्त्याने झालेली होती. प्रकरण जिथे तुटायचे तिथेच तिला झोप येई. पुढे गळगनाथांनी ‘सद्गुरू’ नावाचे स्वतःचे मासिकही काढले.

आता गाठोड्याकडे येतो. पुस्तक लिहिले, छापले. पण विकायचे कोणी? खेड्यात पुस्तकाचे दुकान नाही. जो वाचक आपण वाचक आहोत हे अजून जाणतच नाही, तो दुकानात येणार तरी कशाला? म्हणून गळगनाथ स्वतःच्या पुस्तकांचे गाठोडे बांधत, ते डोक्यावर घेत आणि गावोगाव, दारोदार हिंडत. कर्नाटकात आजही त्यांचे नाव निघाले की लोक आधी हे गाठोडे सांगतात आणि मग कादंबऱ्या. आपल्याकडे बोहारीण दारात येते, कासार येतो, तसा हा लेखक येई. ओट्यावर गाठोडे सोडी.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे माझे डोके याही बाबतीत हिशेबाकडे वळते. आम्हांला वितरणाची साखळी शिकवतात: उत्पादक, घाऊक व्यापारी, किरकोळ व्यापारी, ग्राहक. प्रत्येक दुव्यावर थोडे कमिशन झिरपते. गळगनाथांच्या साखळीत लेखक, प्रकाशक, हमाल आणि विक्रेता हे सारे एकच. कमिशन वाचले, दुकानभाडे वाचले, जाहिरातीचा खर्च शून्य. पण मनुष्याच्या मानेला मर्यादा असते. गाठोड्यात मावतील तेवढीच पुस्तके, आणि पाय चालतील तेवढीच गावे. परत येताना न खपलेली पुस्तके त्याच डोक्यावरून आणायची. पाऊस लागला तर माल गेला. कोणताही बँक मॅनेजर या धंद्याला कर्ज देणार नाही. त्यांना पैसा मिळाला नाही, ते कष्टातच राहिले, यात म्हणून मला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की धंदा बुडीत आहे हे दिसत असतानाही त्यांनी तो चाळीस-बेचाळीस वर्षे रेटला.

हां, एक गोष्ट ताळेबंदात बसत नाही. दारात आलेला हा माणूस नुसता विक्रेता नव्हता. पुस्तक त्यानेच लिहिलेले, तेव्हा त्यात काय आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? घरात म्हातारे कोण, सुना कोण, वाचता येते कोणाला, हे पाहून कुठले पुस्तक पुढे करायचे हे तो ठरवू शकत होता. आज मोबाइल आपण काय पाहिले ते ध्यानात ठेवून पुढचे काही सुचवतो, आणि त्यात सुचवणाऱ्याच्या मानेला रग लागत नाही. मला मोबाइलची निंदा करायची नाही, ‘वज्राघात’चा काही भाग मी त्यावरच पुन्हा वाचला आहे.

आता त्या दोन पुस्तकांविषयी. ‘वज्राघात’ हरिभाऊंनी उतारवयात लिहिली. १९१९ साली ते वारले, ही कादंबरी त्याच्या आधी चारच वर्षे पुरी झालेली. विषय १५६५ ची लढाई, जिला आपण तालीकोटची किंवा राक्षसतागडीची म्हणतो. दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन रामरायाला मारले आणि विजयनगर उद्ध्वस्त केले. या साऱ्या राजकारणाच्या खाली हरिभाऊंनी मेहेरजानचे दुःख ठेवले आहे. मला विचाराल तर कादंबरीचा खरा जीव तिथेच आहे, लढाईची प्रकरणे मी भराभर उलटली.

गळगनाथांनी कथा घेतली, पात्रे घेतली. नाव मात्र घेतले नाही. ‘वज्राघात’ या नावात वीज आभाळातून पडते. पाहणारा दूर उभा आहे, त्याला धक्का बसतो, हळहळ वाटते. ‘कन्नडिगर कर्मकथे’ म्हणजे कन्नडिगांची कर्मकहाणी. इथे वीज आपल्याच घरावर पडली आहे, आणि ‘कर्म’ म्हटल्यावर दोषही थोडा आपलाच आहे. हरिभाऊ शिवकाळावर लिहीत तेव्हा ते आपल्या घराविषयी लिहीत होते. विजयनगरविषयी लिहिताना ते, कितीही प्रेमाने का होईना, शेजारच्या घराविषयी लिहीत होते. गळगनाथांनी त्यांचेच पुस्तक उचलून त्या घरात नेऊन ठेवले. दोन्ही नावे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ पाहत बसलो होतो, तेव्हा मला अज्जी न हसता काय सांगत होती ते उमजू लागले. पुस्तक आपट्यांचे होते हे खरे, आणि गळगनाथांचे होते हेही खरे. माझ्या पणजीने अक्षरे गिरवली ती या दुसऱ्यावर.

पतनाची कथा त्यांनी अशी मराठीतून घेतली, पण विजयनगरच्या उभारणीची कथा स्वतः लिहिली. ती ‘माधव करुणा विलास’, १९२३ ची, विद्यारण्यांच्या काळची. हे काम त्यांचे स्वतःचे, आणि जाणकार तिला त्यांची सर्वांत मोठी कृती मानतात. मी ती अजून पुरी केलेली नाही. त्यांची कन्नड भाषा संस्कृत समासांनी भरलेली आहे. वाक्य सुरू झाले की कुठे संपेल याचा नेम नाही. माझ्यासारख्याला एका पानाला पाऊण तास लागतो. आजच्या कन्नड मुलांनाही ती जड वाटते असे माझा वर्गमित्र सांगतो, म्हणजे दोष सगळा माझाच नाही.

गेल्या मे महिन्यात मामेभावाला घेऊन गळगनाथला गेलो. हावेरीहून बसने, गुत्तलवरून. गळगेश्वराचे देऊळ चालुक्यांच्या काळचे. त्याला चहूबाजूंनी उतरता होत गेलेला दगडी पायथा आहे, तसा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. जणू नदीने ओढून नेऊ नये म्हणून देवळाने पाय फाकून रोवले आहेत. उन्हाळ्याचे दिवस, पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. दोन्ही नद्या कुठे मिळतात ते मामेभावाने बोट करून दाखवले, पण कुठले पाणी वरदेचे आणि कुठले तुंगभद्रेचे हे त्यालाही सांगता येईना. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांना मी गळगनाथांविषयी विचारले. ते आधी मला देवाविषयी सांगू लागले. मी कादंबरी म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन गाठोडे दाखवले.

२२ एप्रिल १९४२ रोजी गळगनाथ वारले. म्हणजे हिशेबाने त्यांच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षांनी, २००२ अखेर संपला. हरिभाऊंचा तर केव्हाच संपला होता. आज ही दोन्ही पुस्तके कोणीही छापावीत, कोणीही वाचावीत, कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांना माझी सूचना अशी की आधी आपल्या सवयीच्या भाषेतले वाचावे आणि मग दुसरे घ्यावे. गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्द अडवत नाहीत. माझे कन्नड वाचन गेल्या दीड वर्षात जे काय सुधारले ते याच युक्तीने. ज्यांना एकच भाषा येते त्यांनी पलीकडच्या बाकावरच्याला वाचून दाखवायला सांगावे. शेवट काय होतो ते मी मुद्दाम सांगितलेले नाही.

अज्जीच्या प्रतीलाही शेवट नव्हता. पुस्तक उघडले तेव्हा दिसले की शेवटची पाने केव्हाच गळून गेली आहेत, आणि त्यांच्या जागी कोणी तरी कोरे कागद शिवून टाकले आहेत. म्हणजे आम्हांला गच्चीवर सांगितलेला शेवट छापलेला नव्हता, तो पणजीने किंवा अज्जीने आपल्या मनाने जुळवलेला होता. तो हरिभाऊंच्या शेवटापेक्षा दयाळू होता. त्यात रामराजाला मुलाला एकदा जवळ घ्यायला वेळ मिळत असे.

दिवाळीच्या सुट्टीत धारवाडहून मी दुसरी प्रत मिळवली आणि ती शेवटची पाने त्या कोऱ्या कागदांवर उतरवून काढायला घेतली. अक्षर वाईट आहे, आणि ऒत्तक्षरे, म्हणजे आपली जोडाक्षरे, मावशीने तीनदा सुधारून घेतली. सात पाने झाली. उरलेली दोन मी तशीच कोरी ठेवली आहेत. अज्जीचा शेवट आठवेल तसा त्यांवर लिहायचा आहे, आणि तो कन्नडमध्येच लिहायला हवा, म्हणून वेळ लागतो आहे.